मोती का कोमेजले?

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. दागिने ठेवायची पेटी. मला हातात घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "आत काय आहे?" मी कशी आहे, हे आजवर कुणी विचारलेले नाही. मला त्याचा राग येत नाही, कारण मीही तशीच चौकस. मला सतत एकच प्रश्न पडलेला असतो: बाहेर काय चालले आहे? झाकण उघडले की मला खोली दिसते, लागले की अंधार. म्हणून मी आयुष्यभर कान आणि नाक यांच्यावरच भागवले. पेटीला नाक कुठून आले, असे म्हणू नका. लाकूड वास धरून ठेवते, हे तुम्ही जुने कपाट उघडून कधीतरी अनुभवलेच असेल.

माझा जन्म बोटींच्या खोल्यांना दारे बसवणाऱ्या एका सुताराच्या दुकानात झाला. जहाजावरचा एक आचारी त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "मला एक छोटी पेटी करून दे."

"आत ठेवणार काय?" सुताराने विचारले.

"ते कशाला हवं तुला? पेटी म्हणजे पेटी."

"असं कसं? खिळे ठेवायचे असतील तर एक पेटी, पत्ते ठेवायचे असतील तर दुसरी. तू बटाटा आणि मासा एकाच भांड्यात तेवढाच वेळ शिजवतोस का?"

आचारी हसला. मग थोडे लाजून त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत मोत्यांची माळ होती. मोती फार मोठे नव्हते, सगळे एकसारखेही नव्हते, पण त्यांच्यात एक मंद उजेड होता. आतून कुणी दिवा धरल्यासारखा. माळ अडकवायच्या कडीवर सोन्याची इवली वाटी होती, आणि त्या वाटीतही एक मोती घट्ट बसवलेला होता.

"बायकोसाठी?" सुताराने विचारले. आचाऱ्याने नुसती मान हलवली.

त्या आठवड्यात दाराच्या उरलेल्या अक्रोडाच्या फळ्यांतून मी तयार झाले. माळ आडवी पसरून ठेवता येईल असा एक लांब खण, बाकीचे लहान खण, आणि सगळीकडे निळी सुती मखमल. मागच्या बाजूला, झाकणाखाली, सुताराने दोन बारीक फटी ठेवल्या. आचाऱ्याने त्यांच्यावर बोट फिरवले.

"ह्या चुकून राहिल्या का रे?"

"मुद्दाम ठेवल्यात. तू बोटीवर खिडकी बंद करून झोपून बघ, म्हणजे कळेल."

आचाऱ्याला ते तिथेच पटले. असा माझा श्वास सुरू झाला.

आचाऱ्याची बायको गावातल्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत असे. तिने मला उघडले, माळ गळ्यात घातली आणि आरशात न बघता नवऱ्याकडे बघितले. मला तेवढ्यावरून समजले की आपण चांगल्या घरी आलो आहोत.

हळूहळू माझे बाकीचे खणही भरले. एका खणात तिच्या आईची हिऱ्याची अंगठी आली. हिरा दिसायला देखणा, पण शेजारी म्हणून वाईट. जवळ येईल त्याला ओरखडा काढल्याशिवाय राहायचा नाही. बाईने ते पहिल्या आठवड्यातच ओळखले आणि त्याला एका छोट्या कापडी पिशवीत घालून वेगळे बसवले. दुसऱ्या खणात चांदीची साखळी होती. ती जरा रुसकी. महिनाभर कुणी हात लावला नाही की काळवंडायची, आणि मऊ कापडाने चार वेळा गोंजारले की पुन्हा हसायची. मला वाटे, ही काळी का होत असेल? आणि सोन्याची बांगडी कधीच का रुसत नसेल? ह्या प्रश्नांनी माझे अंधारातले तास बरे जात.

पुढे त्या घरात दोन मुली जन्माला आल्या. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकटी एका जागी उभी राहत नसे, म्हणून तिचे नाव पडले भिंगरी.

ताई पहाटेची उठणारी. आई तलावावर निघाली की ताई दप्तर पाठीवर घेऊन तिच्याजवळ येऊन उभी राही. आई गळ्यातली माळ काढी, माझ्यात ठेवी, झाकण लावी. ताई पुढे होऊन झाकण दाबून बघे.

"आई, नीट लागलं ना?"

"लागलं गं बाई."

भिंगरी तेव्हा अंथरुणात असे. तिची आई तिला भेटे ती संध्याकाळी. केस ओले, अंगाला तलावाचा वास, आणि न्हाऊन आल्या आल्या गळ्यात माळ. आई माळ घालून स्वयंपाक करी, माळ घालून वाचत बसे, माळ घालूनच भिंगरीला रागवे. एकदा भिंगरीने विचारले, "आई, मोती पाण्यातूनच येतात ना? मग ते तुझ्याबरोबर पोहायला का येत नाहीत?"

मी कान टवकारले. मलाही हेच विचारायचे होते.

"अगं, समुद्राचं पाणी वेगळं," आई सांगू लागली. "तलावात पाणी स्वच्छ राहायला औषध घालतात. ते मोत्यांना..."

पण भिंगरीने तोवर गिरकी घेतली होती आणि ती दाराबाहेर पोहोचली होती. उत्तर अर्धेच राहिले.

जेवणाच्या आधी, पुढच्या खोलीत दोघी बहिणी ताटे कुणी मांडायची यावरून भांडत असताना, आई माळ काढून एक मलमलचा तुकडा किंचित ओला करी. त्याने एकेक मोती पुसून घेई. मग माळ कोरड्या कापडावर पसरून ठेवी आणि पाणी पूर्ण सुकल्यावरच मला देई. माझ्याशिवाय हे कुणी पाहत नसे. आईलाही वाटत नसावे की यात दाखवण्यासारखे काही आहे. वर्षातून एकदा ती माळ नव्या रेशमी दोऱ्यात ओवून आणे. दोन मोत्यांच्या मध्ये एक बारीक गाठ असे, म्हणजे मोती एकमेकांवर घासू नयेत.

वर्षे गेली. आचारीबाबा जहाज सोडून घरी आले, घरीही जहाजाएवढा स्वयंपाक करू लागले, आणि एक दिवस तेही गेले. मुली मोठ्या झाल्या, वेगवेगळ्या गावी राहू लागल्या. मग आई आजारी पडली. तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तिने दोघींना जवळ बोलावले.

"माळ तोडून वाटून घेऊ नका. एक वर्ष हिने ठेवायची, एक वर्ष तिने."

"सांभाळू गं आई," ताई म्हणाली.

"आणि कशी सांभाळायची ते तुम्ही लहानपणापासून बघितलंच आहे."

दोघींनी माना डोलावल्या. मित्रांनो, दोघी खरेच बोलत होत्या. फक्त दोघींनी वेगवेगळे बघितले होते. ताईने माळ बंद होताना बघितली होती. भिंगरीने ती गळ्यात बघितली होती. आणि मधले जे होते, ते फक्त मला ठाऊक होते.

पहिले वर्ष ताईचे. ताई अग्निशमन दलात फोन घेण्याचे काम करत असे. दिवसभर तिच्या कानावर एकच गोष्ट पडे: कुणाच्या घरात धूर, कुणाच्या दुकानात ठिणगी, कुणी गच्चीवर अडकलेले. अशा कामाने माणूस एक तर बेफिकीर होतो, नाहीतर जगाला घाबरू लागतो. ताई घाबरू लागली होती. तिने माळ आधी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून बंद केली. मग ती पिशवी माझ्यात. मग माझ्या मागच्या दोन फटी तिला दिसल्या.

"ह्यातून धूळ जाईल," ती पुटपुटली आणि तिने त्यांच्यावर चिकटपट्टी लावली.

मग मला दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, आत डांबराच्या चार गोळ्या टाकल्या, आणि पाणी तापवायच्या टाकीला लागून असलेल्या कपाटात सगळ्यात मागे ठेवून कुलूप घातले. ताईला तेवढे केल्यावरच झोप लागली. माझी मात्र उडाली. दिवसभर पाठीला ऊब, नाकात गोळ्यांचा उग्र दर्प, आणि हवेची एक झुळूक नाही. माळ माझ्या पोटात होती, पण प्लॅस्टिकमुळे मला तिचा स्पर्शही कळत नव्हता.

वर्ष संपले की दोघी बहिणी बसस्थानकावर भेटत. चहा होई, मुलाबाळांच्या चौकशा होत, आणि बस सुटायच्या घाईत मी एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जाई. तिथे मला कुणी उघडत नसे.

भिंगरीचे केस कापायचे दुकान होते. तिच्याकडे पोहोचले की पहिल्याच दिवशी माझे सगळे प्लॅस्टिक टराटरा फाडले जाई. मागची चिकटपट्टी तिच्या ध्यानातही येत नसे, पण झाकण कायम उघडे असल्याने माझे काही अडत नव्हते. मला ती आरशासमोरच्या फळीवर ठेवी. काय सांगू, किती बघायला मिळे! बटा, वेण्या, रुसलेली मुले, पहिल्यांदा दाढी करणारे पोरगे. भिंगरी सकाळी माळ घालायची ती संध्याकाळीच काढायची.

"खरे आहेत का हो हे मोती?" गिऱ्हाईक विचारे.

"आईचे आहेत," भिंगरी उत्तर देई. खरे-खोटे हा प्रश्न तिच्या लेखी तिथेच संपे.

केस जागेवर बसवायचा फवारा तिच्या हातात दिवसभर फसफसत असे. त्याचा धुरळा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कमी आणि भिंगरीच्या गळ्यावर जास्त बसे. अत्तर, घाम, साबणाचे पाणी, सगळे माळेवर. संध्याकाळी दमून ती माळ तशीच माझ्यात टाकी, नाहीतर खुंटीला लटकवी. खुंटीवर लोंबून जुना दोरा सैल पडू लागला आणि मोत्यांमधल्या गाठीही झिजून उकलू लागल्या. माझ्या लांब खणात आता केसांच्या पिना, बटणे आणि एक तुटका कंगवाही राहायला आला होता. हिऱ्याची अंगठी तिच्या पिशवीतून बाहेर पडून मोत्यांच्या अंगावर लोळत असे.

असे आलटून पालटून किती वर्षे चालले कोण जाणे. एका घरी फार जपणूक, दुसऱ्या घरी फार माया. आणि मोती? ते कोमेजत होते. त्यांच्यातला दिवा हळूहळू विझत होता. ताईकडे असताना मला ते पाहता येत नव्हते, आणि ताईही माळ हाती येताच नीट न बघता पिशवीत बंद करी. भिंगरी रोज पाहत होती, म्हणून तिला दिसत नव्हते. रोज समोर असलेल्या माणसाचे म्हातारपण दिसत नाही, तसे.

मग एक घटना घडली. एका लहान मुलाने अग्निशमन दलाला फोन केला. घरात तो एकटा होता आणि स्वयंपाकघरातून धूर येत होता. ताईने फोन सोडला नाही. त्याला जमिनीवर झोपून सरकायला सांगितले, ओला टॉवेल तोंडावर धरायला सांगितले, आणि गाडी पोहोचेपर्यंत त्याला त्याच्या मांजराबद्दल प्रश्न विचारत राहिली. मुलगा वाचला. मांजरही. दलाने ताईचा सत्कार करायचे ठरवले.

त्या दिवशी ताईने पहिल्यांदा स्वतःसाठी मला उघडले. नवी साडी नेसून ती आरशासमोर बसली, पिशवीतून माळ काढली आणि तशीच थांबली. मोती खडूसारखे दिसत होते. काहींवर पिवळट झाक होती, दोन-तीन मोत्यांवर केसासारखे तडे होते. तिने खिडकी उघडली, माळ उन्हात धरली, पुन्हा सावलीत धरली. मग तिने भिंगरीला फोन लावला.

"भिंगरे, खरं सांग. आईचे मोती कुणाला दिलेस?"

"काय?"

"हे आईचे नाहीत. मी आईचे मोती ओळखत नाही का? कुणी बदलले ते सांग. दुकानात ठेवलेस ना उघड्यावर? नाहीतर तूच..."

मग भिंगरीचा आवाज आला, आणि तो नेहमीसारखा हसरा नव्हता.

"मीच काय, ताई? वाक्य पुरं कर. मागच्या खेपेला तुझ्याकडून माळ आली, तेव्हा दोन मोत्यांना तडे होते. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. म्हटलं ताई आहे, तिची काही अडचण असेल, म्हणून तिने..."

"म्हणून तिने काय?"

फोन बंद झाला. कुणी बंद केला, हे मला कळले नाही. ताई रिकाम्या गळ्याने सत्काराला गेली. नंतर भिंतीवर त्या दिवसाचा फोटो लागला. त्यात ती हसते आहे, पण नुसत्या ओठांनी.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. बहिणी एकमेकींशी बोलेनात. मला ठाऊक होते की मोती तेच आहेत. मी त्यांना पहिल्या दिवसापासून ओळखत होते. पण ते असे का झाले, हे मलाही कळत नव्हते. दिवा गेला कुठे? ताईने तर त्यांना वाऱ्यालाही लागू दिले नव्हते. भिंगरीने तर त्यांना जिवापाड मिरवले होते. मग चुकले कुठे? हा प्रश्न मी अंधारात हजारदा उलटापालटा केला. आणि उत्तर सापडले असते, तरी सांगणार कुणाला? पेटीला झाकण असते, तोंड नसते.

माळ न्यायची भिंगरीची पाळी आली तेव्हा ती बसस्थानकावर थांबली नाही. थेट ताईच्या घरी आली. दार उघडले ताईच्या नवऱ्याने. तो पाट्या रंगवण्याचे काम करत असे, आणि त्याच्या बोटांना नेहमी कुठल्या ना कुठल्या अक्षराचा रंग लागलेला असे.

"या मेहुणीबाई," तो म्हणाला. "आधी चहा करू, की आधी मधे उभा राहू?"

"चहा नको, भाऊजी. माळ घेते आणि निघते."

ताई मला घेऊन बाहेर आली. टेबलावर ठेवले, झाकण उघडले. "ही घे. खोटी माळ मला नकोच आहे."

"खोटी म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? तूच सांग काय म्हणायचं."

"मला चोर म्हणायचंय ना तुला? म्हण. फोनवर अर्धं राहिलं होतं."

"आणि तू मला काय म्हणालीस? आईची माळ मी..." ताईचा आवाज फुटला. तिने माळेला हात घातला. भिंगरीनेही त्याच क्षणी घातला. एक टोक हिच्या मुठीत, एक तिच्या. मी ओरडले असते, मित्रांनो, पण कशाने ओरडू? सैल पडलेला, गाठी सुटलेला दोरा तटकन तुटला. मोती फरशीवर उड्या मारत चारी दिशांना पळाले, आणि कडी टेबलाच्या पायावर आपटली.

मग, कुणी कुणाला काही न सांगता, तिघेही गुडघ्यांवर बसले. ताई सोफ्याखाली, भिंगरी कपाटाखाली, भाऊजी खुर्च्यांच्या पायांमध्ये. रांगताना दोघी बहिणींची डोकी एकमेकींवर आपटली, पण दोघीही एकमेकींकडे न बघता मोती वेचत राहिल्या.

"अरे, हा कुठला नवा मोती?" खिडकीजवळून भाऊजींचा आवाज आला. "हा बघा किती चकाकतोय. हा तुमच्यातला नाही."

त्याच्या हिरवा रंग लागलेल्या बोटांत एक मोती होता. ताईने तो घेतला. बोटाने फिरवला. एक बाजू खडूसारखी, दुसरी बाजू उजळ. पुन्हा फिरवला. भिंगरीने टेबलाखालून कडी उचलून आणली. त्या कडीवरची सोन्याची इवली वाटी रिकामी होती.

"हा कडीवरचा आहे, ताई," ती हळूच म्हणाली. "वाटीतून निखळलाय. ही बाजू वाटीत दडलेली होती."

ताईने मोती वाटीत बसवून पाहिला. चपखल बसला. उजळ अर्धा आत गेला, निस्तेज अर्धा वर राहिला. तिने तो पुन्हा बाहेर काढला. तळहातावर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणचा तो मंद उजेड, आतून कुणी दिवा धरल्यासारखा.

"आईचाच आहे," ती म्हणाली.

"सगळे आईचेच आहेत," भिंगरी म्हणाली. मग तिने बोटाने एक बाजू दाखवली, आणि दुसरी. "ही बाजू आईने ठेवली तशी आहे. आणि ही आपण ठेवली तशी."

ताई फरशीवरच बसली. भिंगरी तिच्याशेजारी बसली. मग ताईने विचारले, आणि ह्या वेळी तिच्या विचारण्यात आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता, "भिंगरे, तू नेमकी कशी वापरायचीस गं?"

"रोज. दुकानात. तू?"

"वापरली नाही. प्लॅस्टिकमध्ये. टाकीजवळच्या कपाटात."

"गरम होत असेल तिथे."

"होतं. आणि तू पुसून ठेवायचीस?"

"पुसायची असते?" भिंगरीने विचारले.

"मला काय माहीत? आई पुसायची का?"

दोघींनी एकमेकींकडे बघितले. आई काय करायची, हे दोघींनाही पूर्ण ठाऊक नव्हते, आणि ते त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळत होते. माझ्या मखमलीत तो मलमलचा तुकडा अजून कोपऱ्यात खुपसलेला होता. भिंगरीला तो सापडला. तिने तो उलगडून हातात धरला. आता तो पिवळा पडला होता, पण मऊ होता.

"हा कशाला ठेवला असेल आईने?" ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला उमगले.

दुसऱ्या दिवशी दोघी मोती रुमालात बांधून आणि मला काखेत मारून दागिने दुरुस्त करणाऱ्याकडे गेल्या. तो डॉक्टरसारखे प्रश्न विचारू लागला. कपाट कुठे होते? फवारा कसला होता? डांबराच्या गोळ्या किती? दोघी मान खाली घालून उत्तरे देत होत्या आणि एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

"मोती म्हणजे दगड नाही हो," तो म्हणाला. "शिंपल्यातल्या जिवाने तो थरावर थर देऊन घडवलेला असतो, आणि त्याच्यात थोडं पाणीही असतं. कोंडून गरम ठेवलं की ते सुकतं आणि तडे जातात. घाम, अत्तर, साबण लागलं की वरचा थर झिजतो. हिरा-सोनं सोसतं, ह्याला नाही सोसत."

"पुन्हा होतील का पहिल्यासारखे?" ताईने विचारले.

त्याने बराच वेळ भिंग लावून पाहिले. "स्वच्छ करून देतो. थोडे उजळतील. पण पहिल्यासारखे होतील, असं खोटं सांगणार नाही. तडे गेलेले बाजूला काढावे लागतील."

हे ऐकून मला फार वाईट वाटले. आणि खरे सांगू? बरेही वाटले. कितीतरी दिवस मला छळणारा प्रश्न सुटला होता. मोती एकाच वेळी दोन्हींनी आजारी पडले होते, कोंडल्याने आणि न पुसल्याने. दोघी बहिणींनी त्यांच्यावर मायाच केली होती. पण मोत्यांना काय हवे आहे, हे कुणी विचारले नव्हते.

माळ नव्या रेशमी दोऱ्यात ओवून आली, मोत्यामोत्यात गाठ घालून. ती आता थोडी आखूड आहे. मोती आधीपेक्षा उजळले आहेत, पण त्यांचा उजेड जुन्या काचेतून यावा तसा येतो. कडीवरचा मोती मात्र ताईने उलटा बसवून घेतला, उजळ बाजू वर. तो बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो. कुणी विचारले तर भिंगरी म्हणते, "तो आमचा मास्तर आहे."

माझ्या पाठीवरची चिकटपट्टी भाऊजींनी तेल लावून हलकेच सोडवली. मखमल नवी बसली. अंगठी तिच्या पिशवीत गेली, पिना आणि कंगवा घराबाहेर. पहिल्यांदा फटींतून हवा आत आली, तेव्हा मी सुताराच्या दुकानात असल्यासारखा दीर्घ श्वास घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी पेटी, डबी किंवा कप्पा असेल. त्यात काय आहे हे जरूर विचारा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या वस्तूला काय सोसते आणि काय नाही, हेही विचारा. चांदीला मऊ कापड हवे असते, हिऱ्याला वेगळी खोली, मोत्यांना थोडी हवा आणि माणसाच्या गळ्याची सोबत. अत्तर आधी लावा, मोती त्यानंतर घाला. काढल्यावर पुसा. आणि ज्यांनी ती वस्तू सांभाळली, ते समोर असतानाच त्यांना विचारून घ्या, "तू हे कसं करतेस?" उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. पळू नका.

आज माझे झाकण उघडे आहे आणि लांब खण रिकामा आहे. मघाशीच ताईने माळ काढून घेतली. ती चपला घालत होती, एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"ताई, माळ कुठे आहे?" भिंगरीचा आवाज आला.

"गळ्यात."

"ऑफिसला चाललीस?"

"नाही गं. दाताच्या डॉक्टरकडे. दाढ काढायची आहे."

"दाढ काढायला मोत्यांची माळ?" भिंगरी खो खो हसू लागली.

"दात माझा काढायचाय," ताई म्हणाली, "तू कशाला दात काढतेस?"

आणि ती स्वतःच इतकी हसली, की तिला दारातून परत यावे लागले. चावी माझ्या शेजारीच राहिली होती.